आधी कोणी बोलायचं?

भाकरी थापताथापता, कापूस वेचताना, नाहीतर गटाच्या बैठकीत रेडिओ मध्ये ठेवून तुम्ही आमचं बोलणं ऐकता. आज आम्ही तुम्हाला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेणार आहोत. पैसे लावायला नाही. तिथे अनोळखी माणसं एकमेकांशी कशी बोलत आली, कोणी आधी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं हे कोण ठरवत होतं, त्याचा इतिहास सांगायला.

हा विषय सुचला सारंगखेड्याच्या यात्रेमुळे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार हे तिचं मोठं आकर्षण. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात, कुठूनकुठून मारवाडी आणि काठेवाडी घोडे येतात. शर्यती होतात, चालीच्या स्पर्धा होतात. तिथे आमच्या गटाने भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा स्टॉल लावला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पगडीवाले म्हातारे व्यापारी जेवायला आले. कळण्याची भाकरी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. यात काय असतं, असं त्यांनी विचारलं. आमच्या एका मैत्रिणीने सांगितलं, ज्वारी आणि उडीद. मग तिने त्यांना विचारलं, तुमची घोडी किती वर्षांची? तिच्या माहेरी टांगा होता, म्हणून तिला घोड्यांचं कळतं. दहा मिनिटं दोघं खूर, दात आणि चारा यावर बोलले. पैसे देऊन, हात जोडून ते निघून गेले.

एवढंच झालं. पण गावातल्या कोणीतरी ते पाहिलं. रात्री घरी विषय निघाला: परक्या माणसाशी एवढं काय बोलायचं होतं? तिसऱ्या दिवशी ती स्टॉलवर आली नाही. त्या दिवसाची तिची मजुरीही गेली आणि भाकरी थापायला दोन हात कमी पडले.

आम्हाला राग आला. पण रागापेक्षा मोठा एक प्रश्न पडला. अनोळखी माणसाशी बाईने बोलू नये हा नियम आला कुठून? आपल्याच गावचा आहे की सगळीकडेच होता? तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं चाळताना, आठवणी काढताना आम्ही पोचलो थेट इंग्लंडच्या घोड्यांच्या शर्यतीपर्यंत. कारण जिथे हजारो अनोळखी माणसं एका दिवसासाठी एकत्र येतात, तिथे हा प्रश्न पडतोच.

इंग्लंडमध्ये दोन मैदानं फार जुनी आणि प्रसिद्ध. एक ॲस्कॉट, दुसरं एप्सम. ॲस्कॉटच्या शर्यती १७११ साली ॲन राणीने सुरू केल्या. म्हणजे मैदान एका बाईने उभं केलं, हे लक्षात ठेवा. एप्समला १७८० पासून डर्बी नावाची शर्यत होते. दोन्ही ठिकाणी घोडे तसेच धावायचे, पण माणसं वेगळ्या तऱ्हेने वागायची.

त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडच्या वरच्या घरांत एक कडक रीत होती. ओळख करून दिल्याशिवाय अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. ओळख कोणी तिसऱ्याने करून द्यायची, आणि दोघांनाही ओळखणाऱ्याने. लहान माणसाची ओळख मोठ्याशी करून द्यायची. पुरुषाची ओळख बाईशी करून द्यायची, बाईची पुरुषाशी नाही. आणि त्याआधी बाईला विचारायचं, हे गृहस्थ तुमची ओळख करून घेऊ इच्छितात, चालेल का? ती नाही म्हणाली, तर विषय संपला.

पुढचं ऐका. ओळख झाल्यावर पुन्हा रस्त्यात गाठ पडली, तर आधी मान कोणी लववायची? बाईने. तिने मान लववली तर पुरुषाने टोपी उचलायची. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं, तर त्याने गुमान पुढे जायचं. नाचाच्या समारंभात झालेली ओळख तेवढ्या नाचापुरतीच धरत. दुसऱ्या दिवशी ती पुढे चालवायची की नाही, हे बाई ठरवायची. बोलायचं काय, तर हवापाण्याचं. पैसा, धर्म, राजकारण हे विषय नवख्या माणसापुढे काढत नसत.

हे वाचून आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे बायांना मान होता की गं!" होता, पण अर्धाच. तो मान फक्त मोठ्या घरच्या बाईला होता. तिच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आधी कोणी विचारत नव्हतं. आणि मोठ्या घरच्या बाईलाही मान लववायचा हक्क होता, पण आपणहून जाऊन चार शब्द बोलायचा नव्हता. एकच नियम एका बाजूने राखण करत होता आणि दुसऱ्या बाजूने कुंपण घालत होता. आजच्या गोष्टीतलं मुख्य सूत्र हेच. राखण कुठली आणि कुंपण कुठलं, ते ओळखायला शिकायचं.

कुंपण बघायचं असेल तर ॲस्कॉट. तिथे १८२२ मध्ये चौथ्या जॉर्ज राजाने स्वतःसाठी दोन मजली सज्जा बांधून घेतला. भोवतीच्या हिरवळीवर फक्त राजाने बोलावलेल्यांनी यायचं. १८२५ पासून राजघराण्याची गाड्यांमधून मिरवणूक सुरू झाली, ती आजही निघते. पुढे त्या जागेला रॉयल एन्क्लोजर म्हणू लागले. आपण राजवाडी आवार म्हणू. त्याचं सभासद व्हायला नुसते पैसे पुरत नाहीत. आधीपासून येणाऱ्या सभासदाने शिफारस करावी लागते. आत गेलं की छातीवर नावाचा बिल्ला लावायचा. म्हणजे आत सगळे एकमेकांशी मोकळे बोलू शकतात, कारण परका माणूस दारातच गाळला गेलेला असतो.

आणि गाळायचे कोणाला? घटस्फोट झालेल्या माणसांना कितीतरी वर्षं त्या आवारात प्रवेश नव्हता. नियम पुरुषांनाही होता. पण संसार मोडला की जास्त बोल कोणाला लागतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९५५ मध्ये ती बंदी उठली. जे मैदान एका राणीने सुरू केलं, तिथल्या हिरवळीवर उभं राहायला एकट्या पडलेल्या बाईला जवळजवळ अडीचशे वर्षं वाट पाहावी लागली.

आता एप्समला चला. डर्बीची शर्यत उघड्या माळावर. टेकडीवर उभं राहून कोणीही पाहावी. १८४७ साली एप्समपर्यंत रेल्वे आली आणि लंडनचे कामगार, शिपाई, मोलकरणी, दुकानदार सगळे लोटले. डर्बीच्या दिवशी संसदेचं कामकाजसुद्धा बंद ठेवत, अशी अनेक वर्षांची प्रथा होती. लॉर्ड आणि खिसेकापू एकाच गवतावर. तिथे ओळख करून द्यायला तिसरा माणूस कुठून आणणार? मग माणसं सरळ शेजारच्याला विचारायची, कुठला घोडा पुढे आहे? घोडा हाच तो ओळख करून देणारा तिसरा माणूस.

या गर्दीचं एक मोठं चित्र लंडनमध्ये आहे. विल्यम फ्रिथ नावाच्या चित्रकाराने ते काढलं. १८५८ साली प्रदर्शनात मांडलं तेव्हा बघायला एवढी झुंबड उडाली, की चित्रासमोर कठडा लावावा लागला. गंमत म्हणजे या चित्रात घोडे फारसे नाहीतच, नुसती माणसं आहेत. डाव्या बाजूला एकाने छोटं टेबल मांडलं आहे. वाट्यांखाली वाटाणा लपवायचा आणि लोकांना म्हणायचं, सांगा कुठे आहे. आपल्या यात्रेत पत्ते फिरवणारे असतात, तसाच प्रकार. एक जण नोट काढायच्या बेतात आहे. बाजूला एकाचं सोन्याचं घड्याळ चोरीला गेलं आहे, तो खिशात हात घालून उभा आहे, आणि चोर आरामात निघाला आहे. आणि एक खेड्यातला माणूस, अंगात शेतकऱ्याचा डगला, त्या टेबलाकडे ओढला जातोय, तर त्याची बायको त्याला मागे ओढून धरते आहे.

ही बाई आम्हाला फार ओळखीची वाटली. नवऱ्याला परक्याच्या गोड बोलण्यापासून वाचवणारी तीच, आणि परक्याशी बोलू नको म्हणून घरी बसवली जाणारीही तीच. मैत्रिणींनो, गर्दीत माणूस ओळखायची अक्कल जर बाईकडे असते, तर बोलायची परवानगी तिला का नको?

परक्याच्या गोड बोलण्याचा अजून एक नमुना सांगतो. एप्समच्या टेकडीवर १९२० च्या सुमारास एक माणूस गाजला. डोक्यावर शहामृगाच्या पिसांचा मुकुट, अंगावर रंगीबेरंगी झगा. 'माझ्याकडे घोडा आहे!' असं तो ओरडत फिरायचा आणि जिंकणाऱ्या घोड्याचं नाव पाकिटात घालून विकायचा. आपण आफ्रिकेतल्या ॲबिसिनियाचा राजपुत्र आहोत असं तो सांगे. नाव लावायचा प्रिन्स मोनोलुलू. खरं नाव पीटर मॅके, आणि जन्म कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा. १९२० च्या डर्बीत स्पायॉन कॉप या घोड्यावर त्याने आठ हजार पौंड जिंकले आणि त्याचं नाव झालं. तो सगळ्यांशी बोलायचा, राजाशीही आणि हमालाशीही. काळ्या माणसाला ज्या समाजात कोणी आपणहून ओळख दिली नसती, तिथे तो लोकांना हसवत लाडका झाला. त्याची हुशारी आम्हाला आवडते. पण एक शहाणपण त्यातून घ्यायचं. शर्यतीच्या मैदानात ज्याच्याकडे खात्रीची बातमी असते, तो ती विकत बसत नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात उंच कठडा. राजा. राजासमोर रीत अशी, की राजा बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही. पण ज्या बायांचं म्हणणं कोणी ऐकतच नव्हतं, त्यांनी काय करायचं? तेव्हा इंग्लंडमध्ये बायांना संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं. ४ जून १९१३ ला एप्समच्या डर्बीत पाचव्या जॉर्ज राजाचा ॲनमर नावाचा घोडा धावत होता. मतदानाच्या हक्कासाठी लढणारी एमिली डेव्हिसन कठड्याखालून वाकून धावपट्टीवर गेली आणि त्या घोड्यासमोर उभी राहिली. घोड्याची धडक बसली. चार दिवसांनी, ८ जूनला, ती गेली. तिच्याजवळ चळवळीचे दोन झेंडे सापडले, आणि घरी परतायचं रेल्वेचं तिकीटही. म्हणजे तिला बहुधा घरी परत जायचं होतं. १९१८ मध्ये तिथल्या तीस वर्षांवरच्या काही बायांना मत मिळालं आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना. तिने केलं तसं कोणी करावं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण बोलायची सगळी दारं बंद केली की माणूस कुठल्या थराला जातो, ते त्या मैदानाने पाहिलं.

हे सगळं तिकडचं. इकडे काय? शर्यती इंग्रजांबरोबर आल्या. मुंबईत आधी भायखळ्याला घोडे धावत. १८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब निघाला. पुण्याचं रेसकोर्स १८३० मध्ये फौजेने तयार केलं. मुंबईत १८८३ पासून महालक्ष्मीला शर्यती होऊ लागल्या. सव्वादोनशे एकरांच्या आसपासची ती मोकळी जागा तुम्ही लोकलमधून जाताना पाहिली असेल. घोड्यांबरोबर तिकडची रीतही आली. सभासदांची जागा वेगळी, आम जनतेची वेगळी, मध्ये कठडा. भारतातली पहिली डर्बी १९४३ मध्ये झाली, आणि ती जिंकली कोणी माहीत आहे? प्रिन्सेस ब्यूटीफुल नावाच्या एका घोडीने! मालक होते बडोद्याचे महाराज.

पण मराठी घरात 'तो रेसवर जातो' म्हटलं, की बायांच्या पोटात गोळा यायचा. कारण मुंबईला कमवायला गेलेल्या माणसाचा पगार त्या कठड्यापाशी जिरलेला कितीतरी घरांनी पाहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की घोड्यांची शर्यत हा नुसता नशिबाचा खेळ नाही, त्यात कौशल्य आहे. ते कायद्याच्या दृष्टीने. पण कौशल्य घोड्याचं आणि स्वाराचं, आपल्या नवऱ्याच्या खिशाचं नाही, हे गटात बसून आपण एकमेकींना सांगायलाच हवं.

आता परत सारंगखेड्याला येऊ. आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलायची रीत नव्हती का? होती. रामराम घालायचा, पाणी विचारायचं, मग म्हणायचं, 'कुठलं गाव?' त्यानंतर 'आडनाव काय? पाहुणे कोण?' दोन-चार गावं फिरून कुठेतरी नातं नाहीतर ओळख निघतेच. मग माणूस परका राहत नाही. किती सुंदर रीत! पण थोडं थांबून बघा. आडनाव का विचारतो आपण? त्या प्रश्नात पुष्कळदा जात शोधायची असते. उत्तर मिळालं की पाण्याचा तांब्या पुढे करायचा की नाही, हे ठरायचं. म्हणजे ॲस्कॉटच्या दारातला बिल्ला आणि आपल्या ओट्यावरचा 'आडनाव काय' हा प्रश्न, दोघांचं काम एकच. फक्त त्यांनी कठडा लाकडाचा केला, आपण शब्दांचा.

घोडेबाजारात आणखी एक रीत आहे. सौदा करताना रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि भाव ठरवायचा. शब्द नाही, आवाज नाही. आजूबाजूच्यांना कळत नाही. दोन वेगळ्या मुलखांचे, वेगळ्या भाषांचे व्यापारी असे न बोलता बोलतात. आता विचार करा, त्या रुमालाखाली बाईचा हात कधी गेला असेल का? बाजारात घोडी असते, पण घोडीचा सौदा करणारी बाई नसते. म्हणून तर आमच्या मैत्रिणीचं दहा मिनिटांचं बोलणं एवढं डोळ्यांवर आलं.

यात्रा संपल्यावर गटाची बैठक झाली. ती मैत्रीणही आली. आम्ही कोणावर आरोप केले नाहीत. हा सगळा इतिहास एकमेकींना सांगितला आणि पुढच्या वर्षीसाठी आमची आम्हीच रीत ठरवली. इंग्लंडच्या बायांकडून राखण घेतली, कुंपण सोडलं. आमच्या आजीकडून रामराम घेतला, आडनाव सोडलं.

स्टॉलवर येईल त्याला आधी आपण रामराम घालायचा. मान लववायचा हक्क आपला, मग सुरुवातही आपलीच. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं नाही. बोलायचं घोड्यावर, जेवणावर, वाटेवर. आपल्या घरचं, पैशाचं, एकटीने कुठे राहतो याचं नाही. कोणाच्या जनावराला हात लावायचा तर मालकाला विचारून, आणि घोड्याच्या मागून कधीच जायचं नाही. कोणी जिंकणाऱ्या घोड्याची खात्री देऊ लागला, की 'भाऊ, भाकरी गरम आहे' एवढंच म्हणायचं. मोबाइल नंबर द्यायचा तो गटाचा, स्वतःचा नाही. बोलणं चारचौघांत, दिवसाउजेडी. कोणाची नजर किंवा बोलणं खटकलं, तर शेजारणीला हाक मारायची, आणि ती हाक आली की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून जायचं. बोलणं संपवायचं तेही आपण, पुन्हा रामराम घालून.

आणि एक रीत घरच्यांसाठी. बाई कोणाशी बोलली हे बाहेरच्याने सांगितलं, तर आधी तिला विचारायचं, काय बोललात? शिक्षा नंतर, चौकशी आधी. खरं तर शिक्षा नकोच.

पुढच्या यात्रेला आम्ही पुन्हा स्टॉल लावला. पहिल्या दिवशी ती मैत्रीण आली, आणि तिच्याबरोबर तिच्या सासूबाईही आल्या. आम्हाला वाटलं, नजर ठेवायला आल्या. त्या चुलीपाशी बसल्या, दुपारपर्यंत भाकऱ्या थापल्या, एक शब्द नाही. दुपारी गेल्या वर्षीचेच पगडीवाले बाबा आले. आमच्या मैत्रिणीने रामराम घातला आणि जरा थबकली. तेवढ्यात चुलीपाशून सासूबाईंचाच आवाज आला, "बाबाजी, यंदा घोडी आणली का?"

मैत्रिणींनो, तुमच्या बैठकीत हा विषय घ्या. यात्रेत, बाजारात, एसटी स्टँडवर तुम्ही अनोळखी माणसाशी कशा बोलता? आधी कोण बोलतं? तुमच्या गावची कुठली रीत राखण आहे आणि कुठली कुंपण? बोला आणि आम्हाला कळवा. पुढच्या भेटीपर्यंत, रामराम.